नवी खाकी जुनी करताना

द्वारका चौकात सिग्नल लागलेला असताना, पुढे ट्रक आणि मागे सिटीबस असताना, पाच वर्षांच्या मुलीनं "आई, शू" म्हणणं ही उज्वलाच्या लेखी आणीबाणीच होती.

"आत्ता? सायली, निघताना विचारलं होतं ना मी?"

"तेव्हा नव्हती."

उज्वलानं स्कूटर कशीबशी कडेला लावली, पिशवी खांद्याला अडकवली, मुलीला उचललं आणि समोर जे पहिलं दुकान दिसलं त्यात ती शिरली.

आत वाफ होती. इतकी, की क्षणभर समोर कोण उभं आहे तेच कळेना. मग वाफ हळूहळू विरली आणि एक माणूस दिसला... तिशी ओलांडलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात जडशीळ इस्त्री, आणि अंगातला शर्ट असा, की त्यावर पडायला सुरकुतीही घाबरत असावी.

"बोला ताई, काय टाकायचंय?"

"बाथरूम," उज्वला म्हणाली. "म्हणजे... टाकायचं नाहीये काही. हिला जायचंय. प्लीज."

"मागं, उजवीकडं. दिव्याचं बटण बाहेर आहे. आणि पायरी आहे, जपून."

पायरी आहे, जपून. हे वाक्य उज्वला दिवसभर कुणाला ना कुणाला ऐकवत असायची. तिला स्वतःला मात्र ते कुणी ऐकवून फार दिवस झाले होते. मुलीचा फ्रॉक सावरता सावरता तिच्या मनात ते दोनदा वाजून गेलं.

बाहेर आल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं. फुकट बाथरूम वापरून तसंच निघायचं? काहीतरी काम तरी द्यावं. तिनं भिंतीवरची पाटी वाचली. 'वत्सला लाँड्री. जुने कपडे नव्यासारखे करून मिळतील.'

"याच्या उलटं होतं का हो?" ती विचारून बसली.

"कशाच्या उलटं?"

"म्हणजे... नवा कपडा जुन्यासारखा करून मिळेल?"

त्या माणसानं इस्त्री स्टँडवर ठेवली. बटण बंद केलं. मग बंद झालंय का ते वाकून पाहिलं.

"परत सांगा."

उज्वलानं पिशवीतून पुडकं काढलं. एसटी कंडक्टरचा खाकी गणवेश. कालच मेन रोडवरच्या दुकानातून आणलेला. बटणं चकाकणारी, कॉलर ताठ, पँटच्या घडीनं बोट कापावं. तिनं भराभरा सांगून टाकलं. तिचा हौशी नाटकाचा ग्रुप, स्पर्धा, पुढच्या रविवारी दुपारी प्रयोग. नाटक एका कंडक्टरच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाचं. तीस वर्षं घातलेला गणवेश हवा, आणि हातात आहे तो हा.

"हा घालून तर माणूस नोकरीच्या पहिल्या दिवसाचा दिसेल," तो म्हणाला.

"पहिल्या दिवसाचाही नाही. साखरपुड्याला निघाल्यासारखा दिसेल."

तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडते, हे उज्वलाच्या लक्षात आलं. तिच्या लक्षात सगळंच यायचं, तो तिचा स्वभावच होता. खळीचा त्यात काही विशेष संबंध नव्हता.

"ताई, माझ्या वडिलांनी चांदवडची कांद्याची शेती भावाकडं सोपवली आणि हे दुकान टाकलं. तेव्हापासून या उंबऱ्याबाहेर मळका कपडा गेलेला नाही. आणि तुम्ही म्हणताय, मळवून द्या."

"मी घरी करून पाहिलं ना," उज्वला काकुळतीला आली. "काल गच्चीवर शर्टाला चिखल लावला..."

"मग?"

"मग धुतला."

"लगेच?"

"वाळला की डाग निघत नाही ना!"

आता तो एवढ्या मोठ्यानं हसला, की आतल्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, "ललित, काय झालं रं?" त्याची आई असावी. "काही नाही आई," तो ओरडला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं म्हणजे अवघड आहे."

अवघड होतंच. लग्नाआधी उज्वला याच ग्रुपमध्ये कामं करायची. मग लग्न झालं, सायली झाली, लग्न मोडलं, आणि या सगळ्यात नाटक कुठं हातातून सुटलं ते तिला कळलंही नाही. आता ती आईकडे राहत होती, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करत होती. दिग्दर्शक योगेशनं जुन्या ओळखीवर तिला वेशभूषा दिली. देताना सगळ्यांसमोर म्हणाला होता, "एकच गणवेश आहे, उज्वला. तेवढा तरी जमव. नाहीतर पुढच्या वेळी प्रेक्षकांत बस." सगळे हसले होते. तीही हसली होती. पण तिला प्रेक्षकांत बसायचं नव्हतं. इतकी वर्षं ती तिथंच बसून होती.

हे सगळं तिनं ललितला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "हे मला जमायलाच हवंय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग गणवेश उचलला, कापड दोन बोटांत चोळून पाहिलं.

"संध्याकाळी सहाला येत जा. तेव्हा गर्दी नसते."

"तुम्ही करून देणार?"

"मी नाही. आपण. हे पाप मी एकट्याच्या डोक्यावर घेणार नाही. आणि ताई, दुकानात नको, वर गच्चीवर करू. आईला कळलं, की मी कपडे मळवतोय, तर मला घराबाहेर काढेल."

"ताई म्हणू नका," उज्वलाच्या तोंडून गेलं.

"का?"

"...उज्वला म्हणा." आणि मग कानाच्या पाळ्या गरम झाल्यावर घाईनं, "सोपं पडतं."

---

दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या साड्यांच्या आडोशाला, गुपचूप कारभार सुरू झाला.

आधी गणवेश धुण्याच्या सोड्यात उकळला. खाकीचा रंग उतरला. मग दिवसभर उन्हात. ओल्या खिशांत गोटे भरून शर्ट टांगून ठेवला, खिसे लोंबले. मग विटेच्या तुकड्यानं कोपर, बाह्यांची टोकं आणि पँटचे गुडघे घासायचे.

घासायला बसलं, की उज्वलाचा जीव वरखाली व्हायचा.

"अहो, हळू. फाटेल."

"फाटण्यासाठीच तर चाललंय."

"हो, पण असं एकदम... त्याला लागल्यासारखं वाटतं."

"शर्टाला?"

"तुम्ही विटेकडे लक्ष द्या."

चहाचा डाग पाडायचा दिवस तर बघण्यासारखा होता. ललितनं छातीवर अर्धा कप चहा ओतला आणि तो फडकं आणायला वळला, तोवर उज्वलानं पर्समधून सायलीची पावडर काढून डागावर शिंपडली होती. तो नुसता बघत राहिला.

"हे काय?"

"चहा सांडला ना..." ती म्हणाली आणि स्वतःच्याच हाताकडे असं पाहू लागली, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

पण तोही काही कमी नव्हता. त्याच संध्याकाळी उज्वला पाणी पिऊन वर आली तर ललित पाठमोरा उभा, आणि हळूच, चोरून, बोटांनी कॉलरची घडी बसवत होता.

"पकडलं!"

तो दचकला. "सवय आहे हो. वाकडी कॉलर दिसली की मला झोप येत नाही."

"हात मागं घ्या."

"घेतले."

"आता मी जाईपर्यंत मागंच."

"मग चहा कसा पिऊ?"

"मी आहे की," ती बोलून गेली. आणि मग दोघंही बराच वेळ मन लावून गुडघे घासत बसले. शर्टाच्या गुडघ्यांना... म्हणजे पँटच्या. कुणाचंच कशात लक्ष नव्हतं.

या वेळात सायली खाली ललितच्या आईजवळ, वत्सलाबाईंजवळ असायची. त्यांच्याकडे बटणांनी भरलेला एक डबा होता आणि सायलीला रंगांप्रमाणे बटणं लावायचं काम मिळालं होतं. उज्वला दर थोड्या वेळानं कठड्यावरून डोकावून विचारायची, "सायली, बटण तोंडात नाही ना घातलं?" आणि खालून वत्सलाबाई उत्तर द्यायच्या, "नाय घातलं गं पोरी. तू तुझं काम कर, निवांत कर." यातला 'निवांत' जरा जास्त लांबवला जायचा, पण ते उज्वलाला तेव्हा जाणवलं नाही. लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेतून निसटतं ते असं काहीतरीच.

शुक्रवारी योगेशला गणवेश दाखवायचा होता. कंडक्टरचं काम योगेशच करणार होता, आणि त्याची नि ललितची चण सारखीच. म्हणून ललितनं तो अंगावर चढवला आणि दोघं तालमीच्या हॉलवर गेले. कोपराला भोक, बाही उसवलेली, छातीवर चहा, पाठीला वंगण, एक बटण गायब.

योगेश त्याच्याभोवती फिरला. "क्या बात है! हा तर उकिरड्यातून उचलून आणल्यासारखा दिसतोय. पास, उज्वला. पास!"

येताना रस्त्यात ललित एका वडापावच्या गाडीजवळ उभा राहिला. उज्वला स्कूटर लावून येते तोवर एक बाई त्याच्या हातात वडापाव कोंबत होती.

"घे रे बाबा. आधी पोटात ढकल. आणि दारू सोड आता, चांगल्या घरचा दिसतोस."

"अहो मावशी, मी..."

"सगळे असंच म्हणतात." बाई निघून गेली.

उज्वला स्कूटरला टेकून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं. इतकं हसून किती काळ लोटला होता, ते तिला आठवेना. ललित हातात वडापाव घेऊन नुसता उभा.

"म्हणजे काम झकास झालंय," तो म्हणाला. "बाईनं सर्टिफिकेटच दिलं."

"तुमच्या गालाला वंगण लागलंय," असं म्हणत तिनं पर्समधून ओला रुमाल काढला आणि सायलीचं तोंड पुसावं तसं, एका हातानं हनुवटी धरून, त्याचा गाल पुसला.

अर्धा गाल पुसून झाल्यावर तिला कळलं, की ही सायली नाही.

हात तिथंच थांबला. समोरून रिक्षा गेली, कुणीतरी हॉर्न मारला. त्याच्या पापण्यांवरही थोडी विटेची धूळ होती. तो हलला नाही.

"राहिलेला अर्धा...?" तो हळूच म्हणाला.

"तुम्ही पुसा," उज्वलानं रुमाल त्याच्या हातात दिला. आणि घरी जाईपर्यंत तिनं रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही.

---

रविवारी दुपारी चारला प्रयोग. बाराच्या सुमारास उज्वला सायलीला घेऊन गणवेश न्यायला लाँड्रीत आली. ललित काउंटरजवळ उभा होता. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

त्यानं बोट वर केलं.

हँगरवर गणवेश होता. धुतलेला. स्टार्च केलेला. कडक इस्त्रीचा. कोपराच्या भोकाला आतून तुकडा लावून वर असं बारीक रफू, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. विरलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली. उसवलेली बाही जागच्या जागी. गेलेल्या बटणाच्या जागी दुसरं, रंगाला किंचित गडद. चहा नाही. वंगण नाही. आठवडाभराचं पाप धुवून निघालं होतं.

आणि त्याच्याशेजारी वत्सलाबाई. चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर समाधान.

"पहाटंपासून बसले होते," त्या म्हणाल्या. "साड्यांच्या मागं लपवून ठेवला होता यानं. म्हटलं, एवढा खराब कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा? आपल्या दुकानातून?"

"आई, तो तसाच..." ललित पुढे झाला.

"गप रं. मला ठावं हाय सगळं. ही पोर मला म्हणाली, आई आणि इस्त्रीकाका वर शर्ट फाडत्यात. म्हटलं, झालं! भांडली दोघं. चांगलं जमत आलेलं, आणि हे काय मध्येच? मग म्हटलं, आपण शिवून टाकावं. लय मन लावून शिवलं बघ पोरी. म्हटलं, सून होऊन येणार ती माझं काम पहिल्यांदा बघणार. हात चांगला दिसला पाह्यजे."

ललितनं उगाचच काउंटरवरचा कपडा झटकला.

सायली म्हणाली, "सून म्हणजे काय?"

ललित इतका लाल झाला होता, की त्याच्यावरच कपडे इस्त्री करता आले असते. वत्सलाबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"काय चुकलं का माझं? ...चहा घेणार का?"

"नाही, फार सुंदर शिवलंय," उज्वला म्हणाली, कारण ते खरंच होतं, आणि त्या समाधानी डोळ्यांना दुसरं काही सांगणं तिला शक्य नव्हतं. पण तिचे डोळे घड्याळाकडे गेले. चार तास. योगेशचा चेहरा. प्रेक्षकांतली खुर्ची. आणि तो शब्द, ज्याच्याकडे आत्ता बघायला वेळ नव्हता, पण जो दुकानात मधोमध येऊन बसला होता.

"द्या इकडं," ललितनं एकदम हँगर खेचला. "चौकात जातो घालून. दोन-चार ट्रक अंगावरून... म्हणजे जवळून गेले, की धूळ बसेल. तुम्ही माती घेऊन या."

तो पाच मिनिटांत गणवेश घालून बाहेर पळाला. उज्वलानं कुंडीतली मूठभर माती उचलली, सायलीला वत्सलाबाईंकडे दिलं आणि ती त्याच्यामागे धावली.

द्वारकेवर नेहमीसारखी झुंबड होती. ललित बस थांबतात त्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्यानं धुळीत लोळण्यासाठी जरा मोकळी जागा शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात...

"ओ कंडक्टर, मालेगाव कितीला हे?"

"मी कंडक्टर नाही."

"ओ साहेब, चांदवडला थांबंल का ही?"

"अहो, मला काय माहीत..."

"ड्रेस घालून उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं मला काय म्हाईत!" एक मुंडासेवाले आजोबा भडकले. "लोकांनी इचारायचं कुणाला मंग?"

बघता बघता त्याच्याभोवती कडं झालं. एका म्हातारीनं तर सरळ आपलं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "धर लेकरा. मला चढव आन् खिडकीपाशी बसव. तू भला दिसतोस." एवढ्यात मालेगावची बस आली आणि सगळ्यांनी मिळून त्याला दाराकडे ढकललं. "कंडक्टरला जाऊ द्या आधी! कंडक्टरला वाट द्या!"

"उज्वला!" गाठोड्याच्या वरून तो ओरडला. "माती!"

उज्वला मूठ आवळून जागच्या जागी उभी होती. ती बघत होती.

शुक्रवारी याच माणसाच्या हातात बाईनं वडापाव दिला होता. आज गाठोडं दिलं. तेव्हा तो भिकारी दिसत होता. आज एकालाही शंका आली नव्हती, की हा वर्षानुवर्षं याच रस्त्यावर तिकिटं फाडत नसेल. ऊन पाठीवर पडलं होतं. उतरलेला खाकी रंग, ओघळलेले खिसे, उलटवलेली कॉलर, ते एकच गडद बटण. जुना होता गणवेश. चांगला जुना. फक्त कुणीतरी त्याची काळजी घेतली होती.

तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मळका कशाला असेल? त्याच्या घरी कुणी नसेल का?

तिनं मूठ उघडली. माती खाली पडली.

"ललित, उतरा!" ती गर्दीत घुसली. "अहो, उतरा, मालेगावला जाल! काही लावू नका त्याला! बोटसुद्धा लावू नका!"

तो उतरला खरा, पण आधी त्यानं म्हातारीला खिडकीपाशी बसवलं.

---

"हे काय?" रंगपटात योगेशनं कपाळाला हात लावला. "नवा आणलास?"

"तोच आहे."

"इस्त्री? उज्वला, स्पर्धा आहे! मला उकिरडा हवा होता."

एरवी उज्वला अशा वेळी "सॉरी" म्हणायची. शब्द ओठांपर्यंत आलाही होता.

"योगेश, नाटकात तुझ्या कंडक्टरला बायको आहे ना?"

"आहे."

"त्याच्यावर जीव आहे तिचा?"

"म्हणजे काय, सगळं नाटकच त्यावर..."

"मग तीस वर्षं ती काय करत होती? नवऱ्याला उकिरडा करून पाठवत होती?"

योगेशनं शर्ट हातात घेतला, कोपरावरून अंगठा फिरवला, आणि त्याला आतला तुकडा लागला. पुन्हा फिरवला. मग तो कपडे बदलायला गेला.

पहिल्या प्रवेशात तो रंगमंचावर आला आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ न राहवून शेजाऱ्याला म्हणाले, "हा आपल्या डेपोतला दिसतोय." शेवटच्या प्रवेशात, तालमीत कधीच केलं नव्हतं असं काहीतरी योगेशनं केलं. बाकावर बसून, एक शब्द न बोलता, तो कोपरावरचं रफू नुसतं चाचपत राहिला. नाट्यगृहात कुणी खोकलंही नाही. तिसऱ्या रांगेत, सायलीला मांडीवर घेऊन बसलेल्या वत्सलाबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी केलंय ते."

पडदा पडल्यावर योगेश रंगपटात आला, शर्ट काढून उज्वलाच्या हातात देत म्हणाला, "पुढच्या नाटकात काम करशील? बायकोचंच आहे. पण मोठं आहे." आणि उत्तराची वाट न बघता तो परीक्षकांकडे धावला.

रंगपट रिकामा झाला. वत्सलाबाई सायलीला घेऊन "जरा खाऊ घालते पोरीला" म्हणत बाहेर गेल्या होत्या. उज्वला शर्टाची घडी घालत होती. दाराशी ललित उभा होता, रिकामा हँगर हातात धरून.

"झालं मग," तो म्हणाला.

"झालं."

"दुपारी आई जे बोलली..."

"पुष्कळ बोलल्या. त्यातलं कोणतं?"

"ते... शेवटचं."

"शेवटी त्या 'चहा घेणार का' म्हणाल्या."

"त्याच्या आधीचं हो." त्यानं हँगर या हातातून त्या हातात घेतला. "मी तिला काही सांगितलं नव्हतं. शप्पथ. पण तिनं जे ओळखलं ते... खोटं नाहीये."

उज्वलानं घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"मला सहा वाजायची सवय लागलीय," तो म्हणाला. "साडेपाचपासून कशात लक्ष लागत नाही. आता गणवेशाचं काम संपलं. उद्या सहाला मी काय करायचं, तेच कळत नाहीये. तर... तुम्ही येत जा. उद्या, परवा. रोज. कपडे नसले तरी."

दोघंही थबकले.

"धुवायला!" तो ओरडलाच. "धुवायला कपडे नसले तरी!"

उज्वलाला हसू आवरेना. शर्टात तोंड खुपसून ती हसली. मग तोंड वर केलं तेव्हा हसू जरा ओलं झालं होतं.

"माझं एकदा लग्न मोडलंय, ललित."

"माहीत आहे."

"आणि आता त्याला रफू वगैरे काही म्हणालात ना, तर मी उठून जाईन."

"नाही म्हणत." तो म्हणणारच होता. ओठ मिटून घेताना त्याच्या गालाला खळी पडलीच.

"मी फार घाबरते. तुम्हाला कल्पना नाही. सायली खोकली की मी रात्रभर जागी. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येते. माणसाचंही तसंच करेन मी. तुम्ही आहात ना जागेवर, परत परत येऊन बघत राहीन."

"बघा की. मी इस्त्रीचं बटण तीनतीनदा बघतो. दुकान बंद करून घरी गेलो, की आई म्हणते, जा, एकदा बघून ये, म्हणजे जेवशील." तो जवळ आला. "एकट्यानं घाबरायला फार वेळ जातो हो. दोघांनी वाटून घेऊ."

तिनं वर पाहिलं. या वेळी त्याच्या पापण्यांवर काही नव्हतं. तरी ती बघत राहिली.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "आजी, अजून! ती लाल, तिखट चटणी!"

गाडीवरची चटणी. कधी केलेली कोण जाणे. तेल कितव्यांदा तापवलेलं. मुलीनं हात धुतले नसणार. पाण्याची बाटली इथं, आपल्या पिशवीत. उज्वलाचा हात पिशवीकडे गेला. ललितनं तो पाहिला, आणि वाट देण्यासाठी दारातून बाजूला झाला.

"जा," तो म्हणाला. "मी थांबतो."

बाहेर सायली हाय-हुय करायला लागली होती. वत्सलाबाई हसत होत्या. कुणीतरी पाणी मागवलं.

उज्वलानं पिशवी खुर्चीखाली सरकवली. हात पुढे करून त्याच्या हातातला हँगर घेतला, बाजूला ठेवला, आणि रिकाम्या झालेल्या त्या हाताला धरून त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"आहेत त्या तिथं," ती म्हणाली. "तू बोल."